सोनेरी औषध आणि कोंबडीचा दाणा

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास आमच्या कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानासमोर रांग लागते. हातात पिशव्या, तोंडात राजकारण नाहीतर क्रिकेट, आणि समोर जाळीच्या पिंजऱ्यात एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या पांढऱ्या कोंबड्या. ब्रॉयलर हा खरा शब्द. आपल्याकडे त्याचा बॉयलर कधी झाला ते कुणाला कळलेही नाही. मागच्या रविवारी माझ्या पुढे एक आजोबा होते. नातवासाठी कलेजी वेगळी बांधून द्या, असे ते दुकानदाराला दोनदा बजावत होते. पोराला रक्त भरायला कलेजी चांगली, हे आपल्या घरोघरच्या आज्यांचे शास्त्र. ते खोटे नाही.

या रांगेत उभे राहिले की हल्ली मला एक माणूस आठवतो. कोंबड्यांच्या धंद्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण आज आपल्या ताटात येणाऱ्या कोंबडीच्या मांसात औषधाचा अंश का सापडतो, हा प्रश्न मागे मागे नेत गेले की वाट त्याच्याच प्रयोगशाळेच्या दारापाशी पोचते. त्याचे नाव डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. १९९५ साली जन्मशताब्दीनिमित्त आपल्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. ते तिकीट चिकटवताना किती जणांनी त्या चेहऱ्याकडे पाहिले असेल, कोण जाणे.

आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी पार आंध्रात जाऊन समुद्राला मिळायला फाटे फोडते, त्या मुलखातले भीमावरम हे त्यांचे गाव. जन्म १२ जानेवारी १८९५. वडील महसूल खात्यात. पण प्रकृतीमुळे नोकरी लवकर सुटली आणि भरल्या घराची ओढाताण सुरू झाली. तेरा वर्षांच्या सुब्बारावने त्यावर एक उपाय शोधला. काशीला जायचे आणि यात्रेकरूंना केळी विकून पैसे मिळवायचे! मुलगा घरातून पळाला. त्याला शोधून परत आणण्यात आले आणि आईने, व्यंकम्माने, त्याला पुन्हा शाळेत नेऊन बसवले. या बाईचा हट्ट दांडगा होता. मुलगा मॅट्रिकला दोनदा आपटला, तरी तिने शाळा सोडू दिली नाही. तिसऱ्या खेपेला तो मद्रासहून पास झाला. आजच्या पालकांनी हे आकडे जरूर लक्षात ठेवावेत.

पुढे कॉलेजात असताना त्याला वैराग्याचे वेड लागले. रामकृष्ण मिशनमध्ये जाऊन संन्यास घ्यायचा, हे त्याने मनाशी ठरवून टाकले. आईने परवानगी नाकारली. आधी वैद्यकी शीक, लोकांच्या उपयोगी पड, असा सल्ला मिशनच्याच मंडळींकडून मिळाला आणि १९१५ साली तो मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाला. तिथे गांधीजींच्या चळवळीचा वारा अंगात शिरला. परदेशी कापडावर बहिष्कार म्हणून हा विद्यार्थी खादीचा झगा घालून शस्त्रक्रियेच्या वर्गात उभा राहू लागला. इंग्रज प्राध्यापकाला ते रुचले नाही. परीक्षेच्या वेळी त्याची किंमत मोजावी लागली, एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस. ही कमी दर्जाची पदविका हाती पडली.

पण त्याआधीच घरावर मोठा घाला पडून गेला होता. दोघे भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने संग्रहणीने गेले. संग्रहणी म्हणजे अन्न अंगी न लागण्याचा रोग. खाल्लेले पचत नाही, जुलाब थांबत नाहीत, रक्त आटत जाते आणि धडधाकट माणसाचा सांगाडा होतो. डॉक्टर होऊ घातलेला सुब्बाराव शेजारी बसून हे पाहत राहिला. करता येण्याजोगे काही नव्हतेच. पुढे त्यालाही त्याच रोगाने गाठले. त्यातून त्याला उठवले ते डॉ. आचंट लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदिक उपचारांनी. नंतर मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचना शिकवण्याची नोकरी त्यांनी पत्करली. मात्र भाऊ कशाने गेले, त्या रोगात शरीराला नेमके कमी काय पडते, हा प्रश्न डोक्यातून जाईना.

तो प्रश्न घेऊन हा माणूस १९२३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत बोस्टनला उतरला. सासऱ्यांनी आणि एका धर्मादाय निधीने प्रवासापुरते पैसे उभे केले होते. पत्नी शेषगिरी गरोदर होती. काही वर्षांत शिकून परत येतो, असे सांगून निघालेले सुब्बाराव पुन्हा कधीच भारतात आले नाहीत. झालेला मुलगा तान्हेपणीच गेला. बापाने त्याचे तोंडही पाहिले नाही. शेषगिरींनी पंचवीस वर्षे वाट पाहिली. सुब्बारावांवरच्या गौरवलेखांत ही गोष्ट एका ओळीत उरकलेली असते. मला ती तशी उरकता येत नाही. थोरपणाचा हिशेब मांडताना या बाईचे नाव जमेच्या कोणत्या बाजूला लिहायचे, हे मला अजून सुचलेले नाही.

बोस्टनमध्ये मद्रासच्या पदविकेला कोण विचारतो? दिवसा हार्वर्डमध्ये उष्ण कटिबंधातल्या रोगांचा अभ्यास आणि रात्री एका इस्पितळात रुग्णांची मलमूत्राची भांडी उचलण्याचे काम, असे दिवस त्यांनी काढले. पुढे सायरस फिस्क या प्राध्यापकाच्या हाताखाली जीवरसायनशास्त्रात शिरकाव झाला आणि मग गाडी थांबली नाही. रक्तातले व लघवीतले फॉस्फरस मोजण्याची फिस्क-सुब्बाराव पद्धत १९२५ साली प्रसिद्ध झाली. जगभरच्या प्रयोगशाळांतून ती कित्येक वर्षे वापरली गेली. स्नायूंना ताकद पुरवणारे फॉस्फोक्रिएटिन या दोघांनी शोधले, आणि १९२९ साली ए.टी.पी. हा पदार्थही. आपल्या प्रत्येक पेशीतली ऊर्जेची नाणी म्हणजे हा ए.टी.पी.; बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात तो पानोपानी भेटतो. जर्मनीत लोमान नावाच्या शास्त्रज्ञालाही तो त्याच सुमारास सापडला. एवढे होऊनही हार्वर्डने सुब्बारावांना कायमची प्राध्यापकी दिली नाही. १९४० साली ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर गावातल्या लेडरले या औषध कंपनीत गेले आणि लवकरच तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले.

इथून आपल्या गोष्टीत कोंबडीची पिल्ले येतात.

भावांच्या आजाराचे उत्तर यकृतात, म्हणजे कलेजीतच कुठेतरी आहे, अशी सुब्बारावांची खात्री होती. यकृताच्या अर्काने काही प्रकारचा पंडुरोग बरा होतो, हे डॉक्टरांना ठाऊक होते. आपल्या मुंबईचाही या शोधात वाटा आहे. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आली. हाफकीन संस्थेत बसून कापड गिरण्यांतल्या गरोदर कामगार बायकांच्या पंडुरोगाचा अभ्यास तिने केला. मार्माइट नावाचे यीस्टचे स्वस्त सत्त्व दिले की या बायका सुधारतात, हे तिने दाखवून दिले. त्या सत्त्वात नेमके काय होते, ते मात्र कळत नव्हते.

ते शोधायचे तर चाचणी कुणावर घेणार? कोंबडीच्या पिल्लांवर. तो घटक खाद्यातून काढून टाकला की पिल्ले वाढत नाहीत, पंडुरोगी होतात; परत दिला की तरारतात. म्हणून लेडरलेच्या प्रयोगशाळेत पिल्लांचे पिंजरेच्या पिंजरे होते आणि त्यांची रोज वजने होत. स्टोकस्टॅड आणि थॉमस ज्यूक्स हे सुब्बारावांच्या चमूतले दोन संशोधक या कामात मुरलेले. टनावारी यकृतातून चिमूटभर द्रव्य काढत अखेर १९४५ साली त्यांच्या मंडळींनी फॉलिक ॲसिड कृत्रिम रीतीने तयार केले. क्यूबा आणि पोर्टोरिकोमधले संग्रहणीचे रुग्ण त्या गोळ्यांनी उठून बसू लागले. भावांना जाऊन तेव्हा पाव शतक उलटले होते. आज आपल्याकडे दिवस गेलेल्या प्रत्येक बाईला सरकारी दवाखान्यातून लोहाबरोबर मिळते ते हेच फॉलिक ॲसिड.

त्याच प्रयोगशाळेतून हत्तीरोगावरचे हेट्राझन आले. फॉलिक ॲसिडची नक्कल करून पेशींना फसवणारे एक द्रव्य तयार झाले आणि बोस्टनच्या डॉ. फार्बर यांनी ते रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना दिले. कर्करोगावरच्या औषधोपचारांची एक सुरुवात तिथून झाली. एका माणसाच्या देखरेखीखाली एवढे सगळे पाचसहा वर्षांत व्हावे, याला तोड नाही. पण जाहीर सभांत पुढे होण्याची त्यांना हौस नव्हती. शोधनिबंधांवर नावे सहकाऱ्यांची असत.

तोवर पेनिसिलीन आले होते. ते सगळ्या जंतूंना पुरे पडत नव्हते. जमिनीतल्या बुरशीसारख्या सूक्ष्म जीवांतून आणखी औषधे मिळतील, अशी आशा होती. सुब्बारावांच्या विभागात बेंजामिन डग्गर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर, सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी ही नोकरी धरली होती! त्यांनी देशभरच्या ओळखीपाळखीच्या लोकांकडून मातीचे नमुने मागवले. मिसुरी विद्यापीठाच्या सॅनबर्न फील्ड या शेतातल्या, वर्षानुवर्षे गवताचे पीक घेतलेल्या एका तुकड्यातल्या मातीत त्यांना एक सोनेरी रंगाचा सूक्ष्म जीव मिळाला. त्याच्यापासून निघालेले औषधही पिवळे. सोन्याच्या लॅटिन नावावरून ते ऑरिओमायसिन झाले; शास्त्रीय नाव क्लोरटेट्रासायक्लिन. टेट्रासायक्लिन घराण्यातले हे थोरले भावंड. तोंडाने घेता येणारे आणि पेनिसिलीन ज्यांना हात लावत नसे अशा कितीतरी जंतूंवर चालणारे औषध जगाला प्रथमच मिळत होते.

१९४८ च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांपुढे ते जाहीर झाले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी सुब्बाराव आपल्या बिछान्यात मृतावस्थेत आढळले. झोपेतच हृदय थांबले होते. वय ५३. पुढे एका बुरशीच्या जातीला त्यांच्यावरून सुब्बारोमायसिस हे नाव देण्यात आले.

आता त्याच वर्षीच्या डिसेंबरातली गोष्ट. युद्धानंतर अमेरिकेत कोंबड्यांना घालायची मासळीची भुकटी महाग झाली होती आणि नुसत्या मका-सोयाबीनवर पिल्ले वाढत नव्हती. मासळीतला तो हरवलेला घटक म्हणजे नुकतेच सापडलेले बी-१२ जीवनसत्त्व. ऑरिओमायसिनच्या टाक्यांत औषध काढून घेतल्यावर जो चोथा उरतो त्यात हे बी-१२ असणार, असा ज्यूक्सचा अंदाज होता. त्याने तो फुकटचा चोथा वाळवून पिल्लांच्या खाद्यात मिसळला. नाताळच्या दिवशी बाकी माणसे सुटीवर, म्हणून ज्यूक्सने स्वतःच पिल्लांची वजने केली. चोथा खाणारी पिल्ले सर्वांत जड भरली. यकृताचा अर्क मिळालेल्या पिल्लांनाही त्यांनी मागे टाकले होते. बी-१२ ने एवढे वजन वाढणे शक्य नव्हते. चोथ्यात थोडे ऑरिओमायसिन उरले होते. ही करामत त्या उरलेल्या औषधाची होती.

ती नेमकी कशी घडते, यावर आजही शास्त्रज्ञांचे पूर्ण एकमत नाही. शेतकऱ्याला मात्र कारणाशी देणेघेणे नव्हते. चिमूटभर औषध दाण्यात टाकले की तेवढ्याच दाण्यात कोंबडी जास्त भरते, हे कळायला तराजू पुरे. १९५० साली ही बातमी वर्तमानपत्रांत झळकली आणि १९५१ पासून अमेरिकेत पशुवैद्याच्या चिठ्ठीविना अशी औषधे खाद्यात घालायला मुभा मिळाली. आजाऱ्याला चार दिवस द्यायचे औषध निरोगी जनावराला जन्मभर, रोज, थोडे थोडे दिले जाऊ लागले.

गोष्ट खाद्यावरही थांबली नाही. १९५५ साली अमेरिकेत याच ऑरिओमायसिनच्या थंड पाण्यात कापलेल्या कोंबड्या बुडवून विकायला परवानगी मिळाली. मांस जास्त दिवस टिकते, ही त्याची मोठी जाहिरात. मांसात औषधाचा अंश राहतो हे सगळ्यांना मान्य होते. शिजवताना तो नष्ट होतो, एवढाच खुलासा. पुढे कोंबड्या कापणाऱ्या कामगारांच्या हातांवर गळवे उठू लागली आणि औषधाला दाद न देणारे जंतू त्या मांसावर पोसले जात असल्याचे दिसू लागले. १९६६ साली ती परवानगी मागे घ्यावी लागली. दाण्यातले औषध मात्र चालूच राहिले.

त्या दाण्याचा परिणाम कोंबडीपुरता राहत नाही, हे सिद्ध झाले तेही बोस्टनच्याच परिसरात. स्टुअर्ट लेव्ही या डॉक्टरांनी एका शेतावर तीनशे पिल्ले आणली आणि त्यांच्यातल्या काहींच्या खाद्यात ऑरिओमायसिनचे सख्खे भावंड, ऑक्सिटेट्रासायक्लिन, मिसळले. थोड्याच दिवसांत त्या पिल्लांच्या आतड्यातले जंतू औषधाला जुमानेनासे झाले. काही महिन्यांत तसेच निगरगट्ट जंतू शेतावरच्या माणसांच्या पोटातही सापडू लागले. त्यांनी ते औषध घेतलेले नव्हते. १९७६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोपीय संघाने वाढीसाठी अशी औषधे देणे २००६ पासून पूर्ण बंद केले. अमेरिकेने माणसासाठी महत्त्वाच्या औषधांपुरते २०१७ मध्ये.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात, कारण घरोघरी त्यांची गल्लत होते. एक, मांसात उरलेले औषध. कोंबडीला औषध दिले की ते यकृत, मूत्रपिंड आणि मांसातून हळूहळू बाहेर पडते. म्हणून औषध थांबवल्यावर ठरावीक दिवस गेल्याखेरीज कोंबडी कापायची नाही, असा नियम असतो. सहा आठवड्यांच्या आत दोन किलोची होणारी कोंबडी आणखी काही दिवस सांभाळायची म्हणजे तेवढा दाणा अंगावर. नियम मोडला जातो तो इथे. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार टेट्रासायक्लिनची मर्यादा किलोमागे मांसात २००, यकृतात ६०० आणि मूत्रपिंडात १,२०० मायक्रोग्रॅम आहे. औषध कलेजीत जास्त साठते, हे त्या आकड्यांतच आले. शिजवल्याने ते कमी होते, पण सगळे जाते असे नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी: औषध पचवून बसलेले जंतू. शिजवल्याने जंतू मरतात खरे. पण कच्च्या मांसाचे हात, सुरी, ओटा, आणि शेतात खत म्हणून जाणारी कोंबड्यांची विष्ठा, एवढ्या वाटा त्यांना मोकळ्या आहेत.

आपल्याकडे २०१४ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने दिल्ली परिसरातून कोंबडीचे ७० नमुने घेऊन तपासले. त्यांतल्या ४० टक्क्यांत औषधांचे अंश निघाले. काहींत एकाहून अधिक. जी सहा औषधे शोधायची ठरवली होती त्यांत क्लोरटेट्रासायक्लिनही होते. मिळालेली मात्रा तशी फार मोठी नव्हती, हेही सांगितले पाहिजे; उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. पण तेव्हा देशांतर्गत विकल्या जाणाऱ्या कोंबडीसाठी आपल्याकडे अशी मर्यादाच ठरलेली नव्हती. ती अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये ठरवली. २०१९ च्या जुलैत केंद्र सरकारने कोलिस्टिन हे औषध जनावरांना देण्यावर बंदी घातली. सगळी औषधे हरली की अतिदक्षता विभागातले डॉक्टर ज्याच्याकडे वळतात ते हे कोलिस्टिन. आणि तोवर ते कोंबड्यांचे वजन वाढवण्यासाठी गोणीतून विकले जात होते.

यात सुब्बारावांचा दोष किती? माझ्या मते काही नाही. चोथ्याचा प्रयोग झाला तेव्हा ते हयात नव्हते. ज्यूक्सलाही खलनायक करण्याचे कारण नाही. त्याने पिल्लांची वजने इमानाने नोंदवली, आणि स्वस्त अंडी-कोंबडी गरिबाच्या ताटात आली हेही खरेच. (मात्र पुढे पुरावे समोर आल्यावरही तो आपल्या बाजूने भांडत राहिला, हे काही मला पटत नाही.) खटकते ते वेगळेच. सुब्बारावांनी अर्धे आयुष्य एका प्रश्नामागे घालवले: या आजारी माणसाला नेमके काय कमी पडते? त्यांच्यामागे त्यांच्याच पिंजऱ्यांपुढे उभे राहून विचारला गेलेला प्रश्न होता, की या धडधाकट पिल्लाला आणखी किती फुगवता येईल.

तर त्या रविवारी माझा नंबर आल्यावर मी दुकानदाराला विचारले, की या कोंबड्यांना औषध कधी बंद केले होते. ते हसले. गाडीवाला माल टाकून जातो, त्याला विचारा म्हणाले. गाडीवाला योगायोगाने तिथेच होता. त्याने सांगितले, की तो पहाटे शेडवरून उचलतो, बाकी सुपरवायझरला ठाऊक. शेड असलेला शेतकरी कंपनीची पिल्ले कंपनीच्याच दाण्यावर वाढवतो. दाण्यात काय मिसळले आहे ते गोणीवर लिहिलेले असेल, असे तो म्हणाला. मागे रांग वाढली होती. आजोबा कलेजीची पिशवी घेऊन केव्हाच घरी गेले होते.